वर्गात वाढवलेला मासा ओहोळात सोडायचा, तर आधी काय काय समजून घ्यायला लागतं

जून लागला की मला एक फोन हमखास येतो, की मॅडम आम्हाला पण आमच्या शाळेत मासे वाढवून गंगेत सोडायचेत, रोहूचं बी, म्हणजे पिल्लं, कुठं मिळेल सांगा ना. (बाहेरच्यांसाठी, आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो.) मी त्र्यंबकच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या एका शाळेत तिसरी-चौथीला शिकवते, आणि आमच्या वर्गात कोपऱ्यात, ऊन येणार नाही अशा जागी कडप्प्यावर तीन फुटी काचेची टाकी आहे, साधारण ८० लिटरची. दरवर्षी पावसाळ्यात तिच्यात पिल्लं होतात आणि दिवाळीच्या सुट्टीआधी ती जिथून आणली त्याच ओहोळात परत जातात. प्रत्येकाला फोनवर सगळं सांगायचं म्हणजे निम्मं राहूनच जातं, आणि राहिलेलं निम्मं नेमकं महत्त्वाचं असतं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

ही कल्पना मूळची अमेरिका-कॅनडातली. तिथं हजारो शाळांमधून वर्गात ट्राउट नाहीतर सामन माशाची अंडी देतात. थंडीच्या सुमाराला सरकारी हॅचरीतून (माशांची अंडी उबवायच्या केंद्रातून) अंडी येतात, आतल्या पिल्लाचे डोळे काळ्या ठिपक्यासारखे दिसायला लागलेली. मुलं ती जवळपास २०० लिटरच्या टाकीत ठेवतात, पिल्लं बाहेर येतात, पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी लटकलेली असते, ती संपेपर्यंत काही खात नाहीत, खालच्या खडीत दडून राहतात. मग वर येऊन पोहायला लागली की खाणं सुरू, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सगळा वर्ग नदीवर जाऊन त्यांना सोडून येतो. अंडी कुठली घ्यायची, कुठल्या नदीत कुठं सोडायचं हे शाळा ठरवत नाही, तिथलं मत्स्य खातं ठरवतं आणि परवानगीच्या कागदावर ते लिहिलेलं असतं. ही गोष्ट आपल्याकडे व्हिडिओ बघणाऱ्यांच्या नजरेतून सुटते, त्यांना फक्त मुलं, बादली आणि टाळ्या दिसतात.

ट्राउट आपल्याकडे जमणार नाही हे उघड आहे. तो थंड पाण्याचा मासा, भारतात काश्मीर, हिमाचल, निलगिरी असल्या ठिकाणी आणलेला. त्याला टाकीत १०-१२ अंशांचं पाणी लागतं आणि त्यासाठी तिथल्या शाळा टाकीला चिलर लावतात. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे हवा तेवढी उतरते, पण दुपारी वर्ग तापतो आणि मे महिन्याचं तर बोलायलाच नको. तरी तिथल्या वर्गात तापमानाचं जे गणित करतात ते मला फार आवडतं आणि ते आमच्या मुलांना एका मिनिटात कळलं, कारण निम्म्या मुलांच्या नातेवाइकांकडे द्राक्षबागा आहेत. बागवाले कसं म्हणतात, छाटणीपासून बाग ६० दिवसांची झाली, पण यंदा थंडी जास्त आहे म्हणून मणी मागं आहेत. म्हणजे नुसते दिवस मोजून भागत नाही, दिवसाला किती ऊब मिळाली तेही मोजावं लागतं. अंड्याचं अगदी तसंच असतं. रोज पाण्याचं तापमान लिहायचं आणि बेरीज करत जायची. रेनबो ट्राउटची ही बेरीज साधारण ३१०-३२० झाली की अंडी फुटतात, म्हणजे पाणी १० अंशांवर असेल तर महिनाभराने, त्याहून गार असेल तर उशिरा. उलट आपल्याकडे रोहू-कटलाची अंडी २७-२८ अंशाच्या पाण्यात १५ ते १८ तासांत फुटतात, म्हणजे संध्याकाळी शाळा सुटताना अंडी आणि सकाळी प्रार्थनेच्या वेळी पिल्लं. गरम पाण्यातलं आयुष्य असं घाईचं असतं.

आणि गरम पाण्याचा दुसरा परिणाम म्हणजे श्वास. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. आणि गंमत म्हणजे उलटं गणित, की पाणी गरम झालं की माशाची भूक आणि धाप दोन्ही वाढतात, म्हणजे लागतो जास्त आणि मिळतो कमी. म्हणून आपल्याकडे चिलर नसला तरी चालेल पण हवेचा पंप बंद पडून चालत नाही. मासे वर येऊन पाण्याच्या काठाशी तोंड उघडझाप करायला लागले की ते खाणं मागत नाहीयेत, त्यांचा जीव घुसमटतोय, हे मी पहिल्याच दिवशी मुलांना दाखवते, कारण मुलांना वाटतं भूक लागली आणि ती वरून आणखी दाणे टाकतात.

आता येतो सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, पाणी. बहुतेक लोक टाकी आणतात, धुतात, स्वच्छ नळाचं पाणी भरतात, त्याच दिवशी मासे सोडतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत मासे मरतात, पाणी तर अगदी नितळ होतं मग मेले कसे म्हणून हळहळतात. शहरातल्या शाळांना पहिला धोका नळातल्या क्लोरीनचा, त्यासाठी रुंद तोंडाच्या पातेल्यात-टबात पाणी २४ तास उघडं ठेवायचं नाहीतर मत्स्यालयाच्या दुकानात हायपोचे खडे मिळतात ते वापरायचे. पण क्लोरीन गेलं तरी खरं दुखणं डोळ्याला न दिसणारं असतं, अमोनिया. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातूनही तोच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, पसरतो, ८० लिटरच्या टाकीत तो जाणार कुठं.

निसर्गात याच्यावर उपाय आहे आणि तो दगडावरच्या बुळबुळीत थरात राहतो. एका जातीचे जिवाणू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे माशाला फारसं बाधत नाही आणि पाणवनस्पती ते खत म्हणून घेतात. हे जिवाणू नवीन टाकीत नसतात, त्यांना जम बसवायला चार ते सहा आठवडे लागतात. मी मुलांना सांगते की नुसत्या दुधाचं दही होत नाही, विरजण लागतं. आमचं विरजण म्हणजे त्याच ओहोळातले मूठभर गोटे, न घासता, ओले ओले आणलेले, फिल्टरच्या डब्यात ठेवायचे. दुसऱ्याच्या टाकीतला जुना स्पंज आणला तर लवकर जम बसतो खरा, पण त्याच्याबरोबर दुकानातल्या माशांचे रोगही येतात आणि आपल्याला तर मासे परत ओहोळात सोडायचेत, म्हणून ते करायचं नाही.

हे तपासायला थेंबांचं किट मिळतं. परीक्षानळीत टाकीतलं पाच मिली पाणी, त्यात दोन बाटल्यांतले थेंब, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवट झालं तर आहे, जितकं गडद हिरवं तितका जास्त. आमच्याकडे एक मुलगी आहे, वाचनात मागे, वर्गात तोंड उघडत नाही, पण त्या नळीमागे पांढरा कागद धरून रंग बघायचं काम तिचं, आणि ती "मॅडम आज जरासं पोपटी आहे" म्हणाली की मी डोळे झाकून चौथा हिस्सा पाणी बदलते.

पहिल्या वर्षी मला यातलं निम्मंच माहीत होतं. आमची शनिवारी सकाळची शाळा असते. त्या शनिवारी मुलांना वाटलं उद्या रविवार, मासे उपाशी राहतील, म्हणून सुटताना जो तो चिमूटभर टाकून गेला, ३२ मुलं म्हणजे ३२ चिमटी. रात्री लाइट गेली ती रविवारी संध्याकाळी आली. सोमवारी मी कुलूप उघडलं तेव्हा वास दारातच आला. पाणी ताकासारखं पांढुरकं आणि एकूण एक मासा पोट वर करून. मुलं रांगेत उभी राहून बघत होती आणि कुणी रडत नव्हतं, ते मला जास्त लागलं.

तो आठवडा मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि आम्ही फक्त हे शोधलं की झालं काय. उरलेलं खाणं कुजलं, कुजवणाऱ्या जिवाणूंनी पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतला, पंप बंद म्हणून नवीन आला नाही, आणि वर अमोनिया. माशाला खाणं कमी पडून तो दोन दिवसांत मरत नाही, जास्त झालं तर मरतो. आता गंमत बघा, सांडपाण्याचा नाला नदीला मिळतो तेव्हा नेमकं हेच होतं, नाल्यातली घाण म्हणजे जिवाणूंचं खाणंच, ते पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, म्हणून उन्हाळ्यात पाणी कमी आणि गरम असताना मासे मरून काठाला लागतात. हे मी फळ्यावर काढून दाखवत होते तर मागून एक पोरगा म्हणाला, मग नदीला पंप कोण लावतं? मग आम्ही सोमेश्वरच्या धबधब्याबद्दल बोललो, पाणी दगडावर आपटून फेसाळतं तेव्हा हवा पाण्यात मिसळते, म्हणजे धबधबा, खळाळ, उथळ दगडगोटे हा नदीचा पंप. आणि जिथं बंधाऱ्यामागं पाणी तुंबतं, वरून पाणवेली पसरते, तिथं तो बंद पडतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, वर्गात मासा वाढवायचा तो नदीत मासे वाढावेत म्हणून नाही. साधा हिशोब करा, एक मासळी शेकडो-हजारो अंडी घालते, तरी नदीतल्या माशांची संख्या वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहत असेल तर एका जोडीमागं सरासरी दोनच पिल्लं मोठी होऊन टिकतात. तुमची ४०-५० पिल्लं त्या हिशोबात कुठंच नाहीत. नदीला मासे नको आहेत, पाणी हवंय. मुलानं तीन महिने ८० लिटर पाणी रोज तपासून जिवंत ठेवलं की त्याला पाणी म्हणजे काय ते कळतं, तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता रोहूचं बी. मत्स्यबीज केंद्रात जिरं, बीज, अर्धबोटुकली, बोटुकली अशा आकाराने मिळतं (जिरं हे नाव मला फार गोड वाटतं, खरंच जिऱ्याएवढं असतं). हे बी तळ्यासाठी आणि शेततळ्यासाठी असतं. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून त्यांना हार्मोनचं इंजेक्शन द्यावं लागतं. हे पहिल्यांदा जमवलं डॉ. हिरालाल चौधरी यांनी, १० जुलै १९५७ ला, म्हणून तो दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. फार मोठं काम, त्याच्यामुळे लाखो घरं चालतात. पण हॅचरीत त्याच त्या नर-माद्या वापरल्या जातात, कधी रोहू-कटलाचा संकरही होतो, आणि ते बी शाळेने हौसेने नदीत सोडण्याचं कारण नाही. तळ्यात सोडा, वाढवा, खा, काही हरकत नाही.

मग आपलाच, महाराष्ट्रातलाच रानमासा सोडला तर? इथं मला महाशीरची गोष्ट सांगायलाच हवी. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांचं महाशीर केंद्र आहे, १९७० च्या दशकापासून तिथं आपल्या दख्खनी महाशीरची, टॉर खुद्रीची पिल्लं तयार होतात. मासा धोक्यात आहे म्हणून अगदी चांगल्या हेतूने ती पिल्लं कर्नाटकात कावेरीतही सोडली. पण कावेरीत स्वतःचा एक वेगळा महाशीर होता, पाठीला उंचवटा असलेला, जगातल्या मोठ्या महाशीरांपैकी एक. आपल्या माशाने तिथं बस्तान बसवलं आणि कावेरीचा तो महाशीर मागे हटत गेला, त्याची शास्त्रीय ओळख २०१८ साली पक्की झाली तेव्हा तो अतिसंकटग्रस्त यादीत जाण्याइतका कमी उरला होता. चांगला मासा, चांगली माणसं, फक्त नदी दुसरी. आणि मुद्दाम बाहेरून आणलेल्यांचं तर विचारूच नका. चिलापी १९५२ साली देशात आणला, त्याची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते म्हणून पिल्लं सहसा मरत नाहीत, आज कुठल्याही धरणावर जाळं टाका तोच येतो. डास खातो म्हणून गंबूसिया १९२८ मध्ये आणला, तो डासांबरोबर बाकीच्या माशांची अंडीही खातो. थाई मागूरवर तर २००० पासून बंदी आहे. त्यामुळे घरातल्या टाकीतला गप्पी, गोल्डफिश, काच चाटणारा सकर, कंटाळा आला म्हणून रामकुंडावर नेऊन सोडू नका, पुण्य म्हणून तर अजिबातच नको.

आम्ही नियम एकच ठेवलाय, जिथला मासा तिथंच परत. पहिले दोन-चार जोराचे पाऊस झाले की चढणीचे मासे वर येतात, त्या वेळी ओहोळातून पाच-सहाच मासे आणायचे. आम्ही घेतो ती छोटी चंदेरी मासोळी, बोटभर पण नाही, अंगावर दोन काळे ठिपके, एक कल्ल्यामागे आणि एक शेपटीजवळ, शास्त्रीय नाव पेथिया टिक्टो. इथं एक गृहपाठ मी आवर्जून देते, घरी आजी-आजोबांना माशांची नावं विचारून या. कारण १८३९ साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाने दख्खनच्या माशांची पहिली मोठी शास्त्रीय नोंद केली तेव्हा त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावंच लावली. दगडाला चिकटून राहणारा आपला मळ्या जगभरच्या पुस्तकांत गॅरा मुल्या आहे, खुद्री आहे, कोळस आहे. आजोबांनी सांगितलेलं नाव परदेशातल्या पुस्तकात छापलेलं दाखवलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

टाकीत पाणवनस्पतीचा दाट झुबका सोडायचा आणि पाऊस पडायला लागला की साठवलेलं गार पावसाचं पाणी थोडं थोडं घालायचं, माशांना वाटतं पूर आला. पहाटे-सकाळी नर मादीच्या मागे लागतो, दोघं झुबक्यात शिरतात, थरथरतात, आणि भिंगातून बघितलं तर पानांना साबुदाण्याच्या चुऱ्याएवढी पारदर्शक अंडी चिकटलेली दिसतात. लगेच मोठे मासे वेगळ्या टबात काढायचे, कारण ते स्वतःचीच अंडी खातात. (हे बघून मुलं हादरतात, पण लपवायचं नाही.) दीडेक दिवसात पिल्लं फुटतात, काचेला उभ्या टाचण्या चिकटवल्यासारखी, दोन ठिपके म्हणजे डोळे. पोटातला बलक संपला की पहिले दिवस उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून गाळून, ८० लिटरला वाटाण्याएवढा सुद्धा जास्त होतो, तांदळाच्या दाण्याएवढा बास. फिल्टरच्या तोंडाला फडकं बांधायचं नाहीतर पिल्लं आत ओढली जातात. पुढे भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड बारीक करून. आता आमच्याकडे खाणं टाकायचं काम रोज एकाच मुलाचं, फळ्यावर नाव लिहिलेलं, आणि शनिवारी कुणाचंच नाही. पंपाला बॅटरीही लावली.

परवानगीचं थोडक्यात. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात लेखी कळवा, मासे आणण्यासाठी पण आणि सोडण्यासाठी पण, तलाव असेल तर तो कुठल्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने आहे तेही विचारा. नांदूरमध्यमेश्वरला मात्र शाळेने मासे सोडायला-धरायला जायचं नाही, ते अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. तिथं दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला जा.

सोडायचा दिवस आम्ही ऑक्टोबरात धरतो. ओहोळाचा पूर उतरलेला असतो, पाणी नितळ आणि अजून वाहतं असतं, पिल्लं पाऊण-एक इंचाची झालेली असतात. आजारी, पांढरे ठिपके असलेली, वाकडी एकही न्यायची नाही. आदल्या दिवशी खाणं बंद. बादली झाकून न्यायची, तिथं गेल्यावर बादली पाण्यात तशीच २० मिनिटं टेकवून ठेवायची म्हणजे तापमान सारखं होतं, मग दर दोन-तीन मिनिटांनी ओहोळाचं एक एक तांब्या पाणी बादलीत. मुलांना ही अर्धा तासाची वाट बघणं फार जड जातं, तेव्हा मी त्यांना ओहोळाच्या पाण्याची नळी तपासायला लावते. मागच्या वर्षी ती पिवळीधमक आली आणि आमची रंग बघणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, आपल्या टाकीपेक्षा भारी आहे." मग बादली हळूच आडवी केली. पिल्लं लगेच बाहेर गेली नाहीत, बादलीच्या तोंडाशी प्रवाहाकडे तोंड करून तशीच उभी राहिली, मग एक गेलं, मग दोन, आणि एकदम सगळी गेली, पुढच्या खडकाच्या सावलीत.

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करून, खळखळून धुऊन, उन्हात पालथी घातली. गोटे ओहोळात परत ठेवून आलो. टाकी आता जूनपर्यंत कोरडी.